ऊब कोणाची, भारा कोणाचा?

फेब्रुवारी २०१३ मध्ये नॉर्वेच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीने बारा तासांचा एक कार्यक्रम सादर केला. विषय एकच होता : घर उबदार ठेवण्यासाठी जाळावयाचे लाकूड. ते कसे तोडावे, कसे फोडावे, कसे रचावे व वाळवावे यावर पहिले चार तास जाणकारांची चर्चा झाली. पुढचे आठ तास, म्हणजे जवळजवळ रात्रभर, एका घरातली जळती लाकडे दाखवण्यात आली. पन्नास लाख वस्तीच्या त्या देशात सुमारे दहा लाख लोकांनी हा कार्यक्रम थोडाफार तरी पाहिला. अनेकांनी तक्रारीही केल्या. लाकडे रचताना साल वरच्या बाजूस ठेवावी की खालच्या, हा वाद त्या देशात जुना आहे, आणि कार्यक्रमात ती चुकीच्या बाजूस ठेवली गेली असे दोन्ही पक्षांना वाटले. लार्स मिटिंग या लेखकाच्या ज्या पुस्तकावरून हा कार्यक्रम सुचला, ते २०११ साली प्रसिद्ध झाले होते आणि त्याचाही विषय जळाऊ लाकूड हाच होता.

हे वाचून हसू येणे स्वाभाविक आहे. परंतु हसण्याचे कारण नाही. स्वतःच्या हातांनी फोडलेल्या लाकडाच्या उबेत हिवाळ्याची रात्र काढणे हा माणसाच्या अतिप्राचीन आनंदांपैकी एक आहे. कुऱ्हाडीचा घाव नेमका शिरेवर बसून ओंडका दुभंगतो तेव्हाचा आवाज, ताज्या ढलप्यांचा वास, भिंतीला लागून छपरापर्यंत चढत गेलेली लाकडांची रास, आणि बाहेर बर्फ पडत असताना ‘यंदाची बेगमी झाली’ हे समाधान, यांत काही खोटे नाही. प्रश्न निराळाच आहे. तेच लाकूड, तोच हिवाळा, तेच फोडणे आणि तेच वाहणे भारताच्या हिमालयात येताच आनंदाचे शिक्षेत रूपांतर का होते? या प्रश्नाचे उत्तर हवामानशास्त्रात सापडत नाही. ते मालकीच्या आणि श्रमाच्या अर्थशास्त्रात शोधावे लागते.

आनंदाची किंमत

नॉर्वेजियन गृहस्थाच्या आनंदाची घडण प्रथम तपासून पाहावी. त्या देशातील जंगलाचा मोठा भाग शेतकरी कुटुंबांच्या मालकीचा आहे. ज्याच्याकडे जंगल नाही त्याला लाकूड विकत घेता येईल एवढी मिळकत त्याच्या हाती असते. बर्चचे लाकूड तो हिवाळ्याच्या अखेरीस तोडतो, वसंतात फोडतो आणि उन्हाळाभर वाऱ्यावर वाळवतो. ताज्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणी असू शकते. ते वीस टक्क्यांच्या खाली येईपर्यंत तो थांबतो, कारण त्याला थांबणे परवडते. त्याच्या घरात लोखंडी बंदिस्त शेगडी असते. १९९८ पासून तेथे नव्या शेगड्यांना कमी धुराची अट कायद्याने घातलेली आहे. आणि या साऱ्याच्या पाठीशी, भिंतीतून आलेली जलविद्युत असते. एखाद्या सकाळी त्याला कुऱ्हाड उचलावीशी वाटली नाही, तर तो बटण दाबतो. घर थंड राहत नाही.

हाच मुद्द्याचा गाभा आहे. ज्या श्रमाला नकार देता येतो, त्याच श्रमाचा आनंद घेता येतो. जंगलावर ताबा, लाकूड वाळवण्यापुरती उसंत, चांगले अवजार, चांगली शेगडी आणि नकार देण्याची सोय ही पाच अंगे जमली म्हणजे लाकूड फोडणे हा छंद होतो. ती काढून घ्या. उरते ती वेठ.

मैदानी डोळ्यांना न दिसणारी चूल

महाराष्ट्रातील वाचकाला सरपण म्हटले की स्वयंपाकाची चूल आठवते. आपल्याकडे थंडी ही चार-सहा आठवड्यांची, अंगणातल्या शेकोटीने भागणारी गोष्ट आहे. गढवाल, कुमाऊं, हिमाचलचे वरचे खोरे आणि काश्मीर येथे मात्र जाळ दोन कामे करतो. तो अन्न शिजवतो आणि तो घर राहण्याजोगे ठेवतो. हिमाचलमध्ये खोलीच्या मध्यभागी पत्र्याचा तंदूर असतो, काश्मीरमध्ये बुखारी असते. गरिबाघरी साधी चूल हीच दोन्ही कामे ओढते. पहाडात वर्षातले चार-पाच महिने कुटुंबाचे जगणे त्या एका खोलीत, त्या एका जाळाभोवती आक्रसून येते. म्हातारी माणसे तेथेच झोपतात, मुले तेथेच अभ्यास करतात, आजाऱ्याचे अंथरूण तेथेच घातले जाते.

हा जाळ पेटता ठेवण्याचे काम कोणाचे? ते बाईचे. भल्या पहाटे हातात दराती आणि कमरेला दोर घेऊन गावातल्या स्त्रिया टोळीने रानात निघतात. बांज, म्हणजे पहाडी ओक, हे त्यांचे पसंतीचे लाकूड. ते सावकाश जळते, निखारा धरून ठेवते, आणि त्याची पाने गुरांच्या चाऱ्याला येतात. चीड हा त्या मानाने हलक्या प्रतीचा. त्यातील राळेमुळे तो भडकतो, काजळी धरतो आणि धूर ओकतो. परंतु रेल्वेचे स्लीपर आणि राळ यांच्या पायी ब्रिटिशांच्या वनखात्याने चिडाला उत्तेजन दिले, आणि बांजाचे रान गावापासून दूर सरकत गेले. तेव्हा बाई अधिक दूर जाते, अधिक उंच चढते, कड्यावरच्या झाडावर चढून वाळकी फांदी तोडते, आणि स्वतःच्या निम्म्या वजनाचा भारा पाठीवर घेऊन ती उतरण उतरते. कड्यावरून घसरून, झाडावरून पडून, अस्वलाच्या किंवा बिबट्याच्या हल्ल्यात बायका दगावणे ही पहाडातली नवलाईची बातमी नाही.

या टोळीच्या वाटचालीत गाणी असतात, थट्टा असते, सासुरवाडीच्या डोळ्यांआड मोकळे बोलता येण्याचे सुख असते, हेही खरे. श्रमिक स्त्री आपल्या कष्टातही आनंदाची जागा शोधून काढते. पण त्या आनंदाचा दाखला देऊन कष्टाचे समर्थन करणारे जे लेखन हल्ली पर्यटनाच्या पानांवर बहरले आहे, ते निलाजरे आहे. शहरातून चार दिवसांसाठी आलेला पाहुणा चुलीपाशी हात शेकतो, धुराच्या वासाने हळवा होतो आणि ‘साध्या जगण्या’वर परिच्छेद लिहितो. ते सरपण कोणी आणले, किती कोसांवरून आणले आणि त्या बाईच्या छातीत किती धूर साठला आहे, हे त्याच्या परिच्छेदात येत नाही.

नियोजनकारांचा अपराध निराळ्या जातीचा आहे. राष्ट्रीय हिशेबाच्या परिभाषेत हे सरपण दीर्घकाळ ‘अव्यापारी ऊर्जा’ या सदरात मोडत आले. बाजारात विकले गेले नाही म्हणून त्याला किंमत नाही. आणि त्याला किंमत नाही म्हणून त्यासाठी खर्ची पडलेल्या श्रमालाही किंमत नाही. बाईच्या दिवसाचे मोल शून्य धरले की सरपण ‘फुकट’ ठरते. अर्थशास्त्रातील याहून मोठी लबाडी दाखवणे कठीण आहे.

सिलिंडरने काय झाले?

या फुकटेपणाची खरी वसुली फुप्फुसांतून होते. घरातील धुरामुळे २०२० या एका वर्षात जगभरात सुमारे बत्तीस लाख माणसे मृत्युमुखी पडली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यात बायका आणि मुले यांचा वाटा मोठा आहे. उघड्या चुलीत लाकडातील उष्णतेपैकी जेमतेम दहा-पंधरा टक्के कामी येते. लाकूड ओले असेल तर आधी त्यातले पाणीच उकळावे लागते. उष्णता वाफेत जाते आणि घरात धूर राहतो. पहाडी बाई ओले लाकूड अज्ञानाने जाळत नाही. वर्षभराची बेगमी एकदम करण्याचा हक्क, ती वाळत टाकण्याची जागा आणि तोवर थांबण्याची उसंत या तिन्ही गोष्टी तिच्याकडे नाहीत, म्हणून जाळते.

यावर सरकारने दोन मोठे उपाय केले. १९८३ मध्ये सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि २००२ मध्ये केंद्राने तो आवरता घेतला. चुलींची संख्या कागदावर फुगली. पण धुराडे फुटले तर दुरुस्त कोण करणार, मोठे भांडे बसत नसेल तर काय, आणि बंद चुलीने खोली उबदार कशी राहणार, हे बाईला कोणी विचारले नाही. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना आली. गरीब स्त्रीच्या नावे गॅसची जोडणी मिळणे ही चांगली गोष्ट आहे आणि तिला नाक मुरडण्याचे समाजवाद्यांना काहीही कारण नाही. परंतु सिलिंडर पुन्हा भरून घेण्याइतका पैसा हाती नसल्याने असंख्य घरांत चूल पुन्हा पेटली, हेही तितकेच उघड आहे. पहाडात तर पैशाच्या जोडीला आणखी एक अडचण आहे, आणि ती योजना आखणाऱ्यांच्या ध्यानीही आली नसावी. गॅस भात शिजवतो. तो घर तापवत नाही. म्हणून पहाडी घरात सिलिंडर चहापुरता आणि पाहुण्यांपुरता राहतो, आणि भारा पूर्वीसारखाच पाठीवर येतो. मैदानात बसून आखलेल्या धोरणाला चुलीचे एकच काम ठाऊक होते.

चोर कोण?

इतके कष्ट सोसून आणलेल्या भाऱ्याला कायदा काय म्हणतो? तो पुष्कळदा त्याला चोरी म्हणतो.

या शब्दाचा इतिहास मोठा आहे. १८४१ साली ऱ्हाइन प्रांताच्या विधिमंडळात, जंगलात पडलेल्या काटक्या वेचणाऱ्या गरिबांना चोर ठरवणाऱ्या कायद्यावर चर्चा झाली. चोवीस वर्षांच्या कार्ल मार्क्सने त्या चर्चेवर एका वृत्तपत्रात लेखमाला लिहिली. झाडापासून आपोआप गळून पडलेली फांदी ही झाडाच्या मालकाची राहतच नाही, आणि परंपरेने ती गरिबाची आहे, असा त्याचा युक्तिवाद होता. या प्रश्नाने आपल्याला प्रथम आर्थिक संबंधांच्या अभ्यासाकडे वळवले, असे त्यानेच पुढे नमूद केले. एका अर्थी वैज्ञानिक समाजवादाचा आरंभ सरपणाच्या मोळीपासून झाला, हे पक्षकार्यकर्त्यांनी विसरू नये.

ऱ्हाइन प्रांतात जे घडले तेच भारतात १८७८ च्या वनकायद्याने घडवले. राखीव जंगल, संरक्षित जंगल अशा रेषा आखल्या गेल्या आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा हक्क रातोरात ‘सवलत’ झाला. सवलत देणारा ती काढूनही घेऊ शकतो. कुमाऊंच्या जनतेने १९२१ मध्ये याविरुद्ध मोठे आंदोलन उभारले. त्याच्या रेट्याखाली सरकारला काही जंगले खुली करावी लागली आणि १९३१ मध्ये वनपंचायतींचे नियम करावे लागले. टिहरी संस्थानात ३० मे १९३० रोजी यमुनेच्या काठी तिलाडी येथे, जंगलहक्कांसाठी जमलेल्या शेतकऱ्यांवर संस्थानी फौजेने गोळ्या झाडल्या. त्याच वर्षी महाराष्ट्रात लोकनायक अणे यांनी पुसदला जंगल सत्याग्रह केला, बिळाशीची जनता उठली आणि २५ सप्टेंबरला चिरनेरला गोळीबार झाला. हिमालय आणि सह्याद्री यांच्यामध्ये अंतर असेल; लढा एकच होता.

स्वातंत्र्यानंतर गोरा अधिकारी गेला, रेषा तशाच राहिल्या. १९७३ मध्ये मंडल गावात चिपको आंदोलनाची पहिली ठिणगी पडली ती कशावरून? स्थानिक सहकारी संस्थेला शेतीच्या अवजारांसाठी अंगूचे लाकूड नाकारण्यात आले, आणि तेच लाकूड अलाहाबादच्या क्रीडासाहित्य बनवणाऱ्या कंपनीला देण्यात आले. २६ मार्च १९७४ रोजी रैणीत गौरादेवी आणि त्यांच्या सोबतिणींनी ठेकेदाराच्या माणसांना परत लावले. आज चिपको म्हणजे झाडाला मिठी मारणारी भाविक स्त्री, एवढेच चित्र पाठ्यपुस्तकांतून उरले आहे. तिने जंगल वाचवले ते त्याची पूजा बांधण्यासाठी नव्हे. ते तिच्या चुलीचे, गुरांचे आणि पाण्याचे जंगल होते. १९८१ पासून त्या पहाडात हजार मीटरवरील हिरव्या झाडांच्या व्यापारी तोडीवर बंदी आली, हा आंदोलनाचा विजय होता. परंतु जंगलाची सत्ता गावाकडे काही आली नाही. ठेकेदार गेला, पहारेकरी राहिला.

जुलै २०२२ मध्ये चमोली जिल्ह्यातील हेलंग येथे, एका जलविद्युत प्रकल्पाच्या परिसरात, गवताचा भारा घेऊन निघालेल्या स्त्रियांना पोलिसांनी आणि सुरक्षा दलाच्या जवानांनी अडवले. भारा हिसकावून घेतला आणि त्यांना ताब्यात घेतले. रैणीचा जिल्हा तोच. पुढच्याच वर्षी, २०२३ मध्ये, वनसंरक्षण कायद्यात दुरुस्ती झाली. आंतरराष्ट्रीय सीमेपासून शंभर किलोमीटरच्या आतील, राष्ट्रीय महत्त्वाच्या व सुरक्षेशी निगडित अशा रस्ते आदी प्रकल्पांना त्या कायद्याच्या मंजुरीतून सूट देता येऊ लागली. उत्तराखंड-हिमाचलचा केवढा भाग या शंभर किलोमीटरांत येतो, हे नकाशा पाहणाऱ्यास कळेल. बाईने वाळकी फांदी तोडली तर जंगलाचा नाश. यंत्राने डोंगर कापला तर राष्ट्राचा विकास. एकोणिसाव्या शतकातील जर्मन जमीनदारांनाही एवढा उघड दुटप्पीपणा साधला नव्हता.

आक्षेपांचा परामर्श

येथे तीन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की, सरपणामुळे जंगल खरोखरच उजाड होते. गावालगतचे बांज पुनःपुन्हा छाटले जाऊन खुरटलेले दिसतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु गावाच्या हाती उरलेले रान इवलेसे आणि त्यावरील सत्ता पराधीन असेल, तर तेवढ्याच रानावर सारा भार पडणार. ज्याचा उद्यावर हक्क नाही, तो आजच ओरबाडतो. याउलट जेथे वनपंचायत जागी आहे, तेथे स्त्रिया स्वतः पाळी ठरवतात, रानाचा एक भाग बंद ठेवतात, हिरवी फांदी तोडणाऱ्यास दंड करतात. उत्तराखंडात अशा अकरा हजारांवर वनपंचायती आहेत. १९७६ च्या आणि त्यानंतरच्या नियमांनी त्यांच्यावर वनखात्याची पकड आवळत नेली, हे त्यांच्या दुर्बलतेचे एक मोठे कारण आहे.

दुसरा आक्षेप : विसाव्या शतकातले इंधन सोडा, वीज द्या. जरूर द्या. भागीरथीच्या पाण्यावर टिहरीत हजार मेगावॅटचे केंद्र २००६ पासून चालते आणि तिची वीज मैदानात जाते. ज्यांची गावे त्या जलाशयात बुडाली त्यांच्या पहाडी भाऊबंदांना खोली तापवण्यापुरती वीज परवडणाऱ्या दरात मिळते काय? बर्फ पडला की तारा तुटतात त्या प्रथम कोणाच्या? नॉर्वे आपल्या नद्यांच्या विजेने आपली घरे तापवतो आणि लाकूड आवडीने जाळतो. गढवाल आपल्या नद्यांच्या विजेने दुसऱ्यांची घरे थंड राखतो आणि लाकूड नाइलाजाने जाळतो.

तिसरा आक्षेप आपल्याच गोटातून येईल : जंगल, चूल, मोळी हे प्रश्न बायकांचे व किरकोळ आहेत, वर्गलढ्यापुढे त्यांचे काय? असे म्हणणाऱ्यांनी लोहिया पुन्हा वाचावेत. भारतीय स्त्रीची स्वयंपाकघरातील गुलामी आणि चुलीचा धूर यांना त्यांनी राजकारणाच्या अग्रभागी आणले, तेव्हा अनेक विद्वान हसले होते. ते हसू आजही पुरते ओसरलेले नाही.

मागणी

तेव्हा समाजवाद्यांची भूमिका सरपणाची भलावण करणारी नसावी आणि सरपणाचा धिक्कार करणारीही नसावी. २००६ च्या वनहक्क कायद्याने निस्तार हक्क मान्य केले आहेत. गौण वनोपजाच्या व्याख्येत झुडपी लाकूड आणि खोडके यांचा समावेश केला आहे. महाराष्ट्रात मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून ग्रामसभा जंगल सांभाळू शकते हे दाखवून दिले. उत्तराखंड आणि हिमाचलमध्ये मात्र या कायद्याची अंमलबजावणी नगण्य राहिली. पहिली मागणी तेथली : पहाडातील गावांना सामूहिक वनहक्क, आणि वनपंचायतींना खात्याच्या जोखडातून मुक्ती. दुसरी : चुलीचे दोन्ही धर्म ओळखणारी, धुराडे असलेली, खोली तापवणारी बंदिस्त शेगडी, आणि तिची दुरुस्ती करणारा कारागीर गावातच. तिसरी : गावोगाव सरपण वाळवण्याच्या सामाईक शेड, म्हणजे त्याच लाकडात अधिक ऊब मिळेल आणि भारे कमी होतील. चौथी : नद्या देणाऱ्या गावांना हिवाळ्यात परवडणारी वीज आणि परवडणारा गॅस, म्हणजे बाईला भाऱ्याला नकार देता येईल. आणि पाचवी, जी कोणत्याही सरकारी आदेशाने पुरी होणार नाही : हा भारा पुरुषाच्याही पाठीवर यावा.

यात कोणती अशक्य गोष्ट मागितली आहे? नॉर्वेच्या सामान्य गृहस्थाला जे सहज मिळते, त्याहून जास्त येथे काही नाही. रैणीच्या किंवा हेलंगच्या बाईला जंगलावर हक्क, हातात उसंत आणि घरात धूर नसलेली ऊब मिळेल, त्या दिवशी तीही कार्तिकातल्या उन्हात लाकडे रचत बसेल, आणि साल वरच्या बाजूस ठेवावी की खालच्या, यावर शेजारणीशी मनसोक्त भांडेल. तोवर सरपणाच्या सुखाची वर्णने लिहिणाऱ्यांनी आधी एकदा तिचा भारा उचलून पाहावा.